गौराबाईंची रिकामी लिफ्ट

गौराबाईंना माणसांची पारख फार लवकर व्हायची आणि एकदा झाली की ती बदलायची नाही. शिवगंगा अपार्टमेंटमध्ये राहायला आल्यावर वर्षाच्या आत त्यांनी तळमजल्यापासून पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात जोखून टाकलं होतं, आणि त्यात एकही माणूस धड निघाला नव्हता. तोंडानं मात्र त्या कुणाला काही बोलत नसत. माहेर संकेश्वरकडचं, घरात कानडी. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि लक्ष्मीपुरीतल्या मिरचीच्या दुकानात गिऱ्हाइकांची भांडणं ऐकत ऐकत मराठी शिकल्या. त्यामुळं मराठीतले गोड शब्द त्यांच्याकडं कमी होते आणि दुसरे भरपूर होते. ते दुसरे त्यांनी सांभाळून ठेवले होते.

नवरा भरमाप्पा. मिरचीचा व्यापारी, आवाज मोठा, मन हळवं. दोघांनी मिळून दुकान वाढवलं. गौराबाई देठं खुडणाऱ्या बायकांच्यात बसून स्वतः देठं खुडायच्या, नाकाला पदर बांधून. दुकानावरच दोन खोल्यांचा संसार. एक मुलगी झाली, शांभवी. ती मुरगूडला दिली. मग मूत्रपिंडांनी दगा दिला आणि गौराबाई मशीनला लागल्या. डायलिसिस हा शब्द घरात कुणी वापरत नसे, मशीनच म्हणायचे. आठवड्यातून दोनदा मशीनला जायचं, अर्धा दिवस तिथं पडून राहायचं आणि घरी येऊन उरलेला दिवस पुन्हा पडून राहायचं. गुडघे गेलेले, चार पायऱ्या चढल्या की छाती भरून यायची. दुकानावरचा तो उभा जिना त्यांना जमेना, म्हणून भरमाप्पांनी उचगावच्या रस्त्याला हा फ्लॅट घेतला. खालचे फ्लॅट आधीच गेलेले, म्हणून पाचवा मजला. येईल त्याला ते अभिमानानं सांगायचे, “लिफ्ट हाय की!” आणि खरंच, गौराबाईंचा जीव त्या लिफ्टवर होता. लिफ्ट नाही तर मशीन नाही, मशीन नाही तर गौराबाई नाहीत, इतकं सरळ होतं ते.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मशीनच्या डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. “आजी, तुम्हाला झाला तर आमच्या हातात फार काही राहणार नाही. रिक्षाचे पडदे उघडे ठेवा. लिफ्टमध्ये दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ नका. कुणी नुकतंच उतरलं असेल तर दार उघडं ठेवून जरा थांबा, मग आत जा. मास्क काढायचा नाही, बोलायचं नाही.” गौराबाईंना हे पटायला वेळ लागला नाही. मिरची ओतून माणूस निघून गेला तरी बंद खोलीत मागनं शिरणारा शिंकतोच, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. त्यांच्या शेजारच्या खाटेवरची बाई त्याच आठवड्यात यायची बंद झाली आणि दुसऱ्या फेरीला त्या खाटेवर दुसरं कुणी होतं. कुणी काही विचारलं नाही.

इमारतीत मात्र अकलेचा नुसता दुष्काळ. सोसायटीचे चेअरमन हंबीरराव, कारखान्यातून निवृत्त झालेले, पहिल्या मजल्यावर राहायचे आणि तरीही लिफ्टनंच ये-जा करायचे. त्यांनी लिफ्टमध्ये मोठ्या अक्षरात नियम चिकटवले होते. एका वेळी एकाच घरची माणसं. मास्क हवाच. बोलू नये. खाली स्वतःची सही, तीही नियमांपेक्षा मोठी. आणि हेच हंबीरराव, गेटातून कुणी पळत येताना दिसला की दारात पाय घालून उभे राहायचे. “या की, या की! मावतंय की!” दुसऱ्याच्या तोंडावर दार लागू द्यायचं म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं. रोगानं माणूस मेला तर तो बिचारा नशिबानं गेला. पण लिफ्टमध्ये घेतलं नाही म्हणून कुणी रुसला, तर ते सात पिढ्या निस्तरायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या अनुजा मॅडम कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी थर्माकोलच्या तुकड्यात दात कोरायच्या काड्या खोचून तो लिफ्टमध्ये लावला. बटण बोटानं दाबू नका, काडीनं दाबा. कल्पना वाईट नव्हती. पण लोक काडीनं बटण दाबायचे आणि खाली उतरेपर्यंत त्याच काडीनं दात कोरत उभे राहायचे. गौराबाईंनी हे एकदा बाहेरून बघितलं आणि त्यांना रोगापेक्षा या माणसांची किळस आली. स्वतः मॅडम बटणांवर फवारा मारायच्या आणि मग मास्क हनुवटीवर घेऊन, कोणता फवारा चांगला यावर आतल्या चार जणांना व्याख्यान द्यायच्या.

मास्कचीही तीच तऱ्हा. रस्त्यानं एकट्यानं चालताना सगळे मास्क लावायचे. ओळखीचं, वयानं मोठं माणूस समोर आलं की लगेच खाली ओढायचे. हंबीररावांनी तर एकदा भरमाप्पांना ऐकवलं होतं, “तोंड बांधून मोठ्या माणसासंगं बोलायचं? आपण काय दरोडेखोर हाय व्हय?” मान देण्याची ही रीत. वहाण बाहेर काढावी तसा मास्क काढायचा. म्हणजे ज्या म्हाताऱ्यांना जपायचं, त्यांच्याच तोंडावर जाऊन खोकायचं, तेही हात जोडून.

या सगळ्यात गौराबाईंना भरवसा होता तो एकट्या नवऱ्याचा. मशीनच्या दिवशी भरमाप्पा आधी बाहेर पडायचे. लिफ्ट वर बोलवायची, दारात आपली पिशवी ठेवायची म्हणजे दार लागत नसे, जिन्यातली खिडकी उघडायची आणि पहारा देत उभं राहायचं. खालून कुणी ओरडलं तर तेही ओरडायचे, “थांबा! मशीनला निघालोय!” मग गौराबाई यायच्या. दोघं आत, मास्क घट्ट, तोंडं भिंतीकडं. खाली दार उघडल्यावर गर्दी घुसायला बघायची, तेव्हा भरमाप्पा हात आडवा धरायचे. इमारतीत लोक त्यांना हसायचे. म्हातारा बायकोचा वॉचमन झाला म्हणायचे. भरमाप्पांना त्याचं काही वाटत नव्हतं आणि गौराबाईंना त्याचं फार वाटायचं, पण ते त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही.

एकाच माणसापुढं भरमाप्पांचा आवाज जायचा. शांभवीचे सासरे, मुरगूडचे बसगोंडा. कापडाचं दुकान, चारचाकी गाडी आणि अंगात व्याहीपणा. मुलीचा बाप म्हणून भरमाप्पा लग्नात जे वाकले ते वाकलेच राहिले. व्याह्यांची गाडी निघाली की ती वळणाआड जाईपर्यंत हात जोडून उभे. गौराबाईंना ते बघवत नसे. शांभवी सुखात होती, जावई राजशेखर सरळ होता, मग हे सारखं कशासाठी, असं त्यांना वाटायचं. पण बीगर म्हणजे व्याही, आणि त्यांच्यापुढं बाईनं बोलायचं नाही, हे त्याही माहेरून शिकून आलेल्या. त्या पदर सावरून आत जायच्या.

मे महिन्यातल्या एका सकाळी, मशीनच्या दिवशी, भरमाप्पांनी बटण दाबलं. लिफ्ट वर आली, दार उघडलं आणि आत बसगोंडा उभे होते. हातात आंब्यांची पेटी, मास्क एका कानाला लटकलेला.

“आलो बघा!” ते म्हणाले आणि खोकले. “कोडोलीला मयताला गेलतो काल. म्हटलं परत जाताना विहीणबाईंची चौकशी करावी. हे काय, निघालायसा व्हय?”

“मशीनला,” भरमाप्पा म्हणाले. त्यांचा हात मास्ककडं गेला आणि मास्क खाली आला. हात जोडले गेले.

“मग मी भाईर कशाला येऊ? चला, बोलत बोलत खाली जाऊया.” पुन्हा खोकले. “घसा जरा धरलाय. तितं गर्दी लई हुती वो.”

“चला की,” भरमाप्पा म्हणाले आणि आत शिरले. “चल गं.”

गौराबाई बाहेरच उभ्या राहिल्या. दार लागायला आलं, बसगोंडांनी हात घालून ते पुन्हा उघडलं आणि पेटी पायाशी ठेवून त्यांच्यासाठी जागा केली. गौराबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा डोळ्यांनी विनवत होता. एवढं एकदा. पाच मजले तर. गौराबाईंना त्या क्षणी शेजारची खाट आठवली.

“पावणं, भाईर या,” त्या म्हणाल्या.

शांभवीच्या लग्नापासून व्याह्यांनी त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता. त्यांना वाटलं, आपल्याला घरात बोलावताहेत. “न्हाय न्हाय, चहाबिहा नगं,” ते हसून म्हणाले.

“चहाला न्हाय बोलवत. लिफ्ट मोकळी करा. तुमी आत खोकलायसा. मला बंद जागंत तुमच्यासंगट जायचं न्हाय.”

बसगोंडांचं हसू जागच्या जागी राहिलं. भरमाप्पा घाईघाईनं म्हणाले, “मनावर घेऊ नगा वो. औषधांनी डोस्कं ठिकाणावर नसतंय तिचं.”

जन्मभर सगळ्या जगाला जोखून झालं होतं, नवरा तेवढा राहिला होता. तोही त्या दिवशी जोखून झाला. गौराबाईंना राग आला, त्याहून जास्त लाज वाटली. ज्या माणसानं सगळ्या इमारतीशी भांडून त्यांच्यासाठी हात आडवा धरला, तोच माणूस एका खोकणाऱ्या कापडवाल्यापुढं बायकोला वेडी ठरवून मोकळा झाला होता.

“डोस्कं ठिकाणावर हाय माझं,” त्या म्हणाल्या. “उतरा.”

बसगोंडा उतरले. जिन्याकडं वळले. भरमाप्पा पेटी तिथंच टाकून त्यांच्या मागं धावले. “ऐका की पावणं! पावणं, ऐका की!” एकेका मजल्यावर तो आवाज खाली खाली जात राहिला. हंबीररावांचं दार उघडल्याचाही आवाज आला. तमाशा म्हटल्यावर ते घरात थोडेच थांबणार.

गौराबाईंनी दारात आपली पिशवी ठेवली. जिन्यातली खिडकी उघडली. आतली हवा जाईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मशीनला उशीर होईल हे कळत असूनही. मग मास्क दाबून, भिंतीकडं तोंड करून, पहिल्यांदाच एकट्या खाली गेल्या. गेटाशी व्याह्यांची गाडी उभी होती. काचा बंद, एसी चालू. आत पुढच्या सीटवर भरमाप्पा, मास्क हनुवटीवर, हात जोडलेले, बोलत होते आणि डोळे पुसत होते. गौराबाई गाडीजवळून गेल्या तरी त्यांनी वर बघितलं नाही. त्या रिक्षात बसल्या आणि मशीनला गेल्या.

घरी आल्या तर भरमाप्पांनी अबोला धरलेला. अंथरूण हॉलमध्ये, ताट हॉलमध्ये, तोंड भिंतीकडं. संध्याकाळी शांभवीचा फोन. “अव्वा, असं का केलंस गं? सासरे जेवलं न्हाईत. माझ्या आईनं दारातनं हाकललं म्हणून साऱ्या गावाला सांगाय लागलेत.” गौराबाई म्हणाल्या, “भूक लागल्यावर जेवतील,” आणि फोन ठेवला. अबोला त्यांनीही धरला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि चूकही त्यांची नव्हती. मशीनला त्या एकट्या गेल्या, एकट्या आल्या. नवरा आतल्या खोलीत पाऊल टाकत नव्हता, त्याही हॉलमध्ये बसत नव्हत्या. त्या रुसव्यानंच त्यांना वाचवलं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काय करावं, हसावं की काय, तेच त्यांना कळेना.

कारण आठवडा व्हायच्या आत शांभवीचा पुन्हा फोन आला, या वेळी अगदी हळू आवाजात. सासऱ्यांचा रिपोर्ट आला होता. पॉझिटिव्ह. गौराबाई उठून हॉलच्या दाराशी गेल्या. भरमाप्पा अंगावर पांघरूण ओढून पडले होते, भर उन्हाळ्यात. त्यांनी हात वर करून गौराबाईंना अडवलं आणि इतक्या दिवसांनी पहिला शब्द काढला.

“हिकडं येऊ नगंस.”

त्यांना दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा इमारतीला सगळे नियम एकदम आठवले. जे लोक काल-परवापर्यंत पाच-पाच जण कोंबून वर-खाली करत होते, त्यांनी लिफ्ट बंद केली. हंबीरराव दोन मास्क लावून, वर फडकं बांधून, खालून ओरडले, “पेशंट जिन्यानं आणा! लिफ्ट सगळ्यांची हाय!” भरमाप्पांना धाप लागली होती. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, वळणावर बसले, पुन्हा उतरले. प्रत्येक मजल्यावर दारं बंद होती आणि दारांच्या मागं माणसं होती. गौराबाई वरून बघत होत्या. एवढी वर्षं त्यांनी या लोकांना नुसतं मूर्ख समजून सोडून दिलं होतं. ते फारच सौम्य होतं, असं त्यांना वाटलं.

लिफ्ट मग बंदच राहिली. फवारणी होईपर्यंत, हंबीरराव म्हणाले, आणि फवारणीवाला मिळत नव्हता. गौराबाईंचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, मशीनचा दिवस उजाडला. त्यांनी हंबीररावांना फोन लावला.

“लिफ्ट सुरू करा.”

“काकी, नियम म्हंजे नियम. सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न हाय.”

“बरं. मी जिन्यानं उतरते. तुमच्या दारापुढं येऊन मरते, कारण त्याच्या खाली काय मी पोचत न्हाय. मग उचलायला तुमालाच यावं लागंल, पीपीई घालून. चालतंय?”

लिफ्ट सुरू झाली. फवारणीची वाट कुणी बघितली नाही.

दवाखान्यातून भरमाप्पांचा एकच फोन झाला, व्हिडिओवर, नर्सनं मोबाईल धरलेला. चेहरा ओळखू येत नव्हता. गौराबाईंनी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. त्या दिवशी तुम्ही मला वेडी म्हणालासा, ते काही मी विसरले नाही, पण घरी या, मग बघू. असं बरंच काही. पण भरमाप्पाच आधी बोलले. नर्सनं कान लावून ऐकलं आणि सांगितलं, “व्याही अजून रागावलेत का, असं विचारत आहेत.”

बसगोंडांना साधा ताप येऊन गेला होता. ते घरी बरे होते, आणि त्यांनी एकदाही फोन केला नव्हता.

“राग गेला,” गौराबाई मोठ्यानं म्हणाल्या. “रोज फोन करत्यात. तुमचीच चौकशी. येतो म्हणालेत, तुमी घरी आल्यावर.”

भरमाप्पांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी डोळे मिटले आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला. दुसऱ्या दिवशी ते गेले. घरी आणलंच नाही. जावई राजशेखर स्मशानात लांबून उभा राहून आला.

पावसाळा अर्धा सरल्यावर बसगोंडा भेटायला आले. नीट मास्क लावून आले होते, पण त्याला आता उशीर झाला होता. खुर्चीत बसले, भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, डोळ्याला रुमाल लावला. गौराबाई समोर बसल्या. आता त्या आत जात नसत.

“झालं ते झालं, विहीणबाई,” बसगोंडा म्हणाले. “मी काय मनात ठेवलेलं न्हाय. पण भरमाप्पांनी लई लावून घेतलं वो. गाडीत माझ्यापुढं लहान पोरासारखं रडलं. असा अपमान झाला की माणूस आतनं खचतंय. रोगाचं काय, नुसतं निमित्त.”

गौराबाईंनी त्यांच्याकडं नीट निरखून बघितलं. या माणसाला खरंच तसं वाटत होतं. मुरगुडातही तो हेच सांगत असणार आणि लोक माना डोलावत असणार. बायकोनं व्याह्याला लिफ्टमधून उतरवलं, नवऱ्यानं हाय खाल्ली. शांभवीही कधीतरी हे ऐकेल, आणि तिथंच राहायचं असल्यानं बहुतेक मानही डोलावेल. गौराबाईंकडं साठवून ठेवलेले शब्द पुष्कळ होते, कानडीतले आणि लक्ष्मीपुरीतले. पण या माणसावर खर्च करण्याजोगा त्यात एकही नव्हता.

त्या उठल्या, पिशवी घेतली.

“माझी मशीनची वेळ झाली. तुमी जिन्यानं जावा.”

बसगोंडा काहीतरी पुटपुटले, पण गेले जिन्यानंच. गौराबाईंनी कुलूप लावलं, लिफ्ट बोलावली, दार उघडं धरून थांबल्या आणि आत गेल्या. दार लागलं. लिफ्ट खाली निघाली. त्यांना रडू आलं ते तिथं, दोन मजल्यांच्या मध्ये, जिथं कुणी बघायला नव्हतं. नवऱ्याची माया आली आणि त्याचा असा संताप आला की त्या भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं बोलल्या.

“ह्या माणसासाठी गेलासा व्हय वो तुमी?”